जीपगाडीच्या आवाजावरून बिघाडाची परीक्षा

सह्याद्रीच्या कडेच्या तालुक्यांत, कोंकणपट्टींत आणि पावसाळ्यांत ज्यांच्या गाडीवाटा चिखलानें बंद होतात अशा काळ्या जमिनीच्या मुलखांत, जुन्या जीपगाड्या अद्याप शेतकऱ्यांच्या दारांत उभ्या असलेल्या दिसतात. अमेरिकेंतील विलीज-ओव्हरलँड कंपनीनें दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून १९४५ पर्यंत, लष्करासाठीं ही गाडी बनविली. आणि युद्ध संपतांच तीच गाडी थोड्या फेरफारानें सी. जे. २ ए या नांवाखालीं शेतकऱ्यांपुढें मांडली. आपल्याकडे महिंद्र कंपनीनें विलीजच्या परवान्यानें ही गाडी बांधावयास घेतली. पुढची सी. जे. ३ बी ही जात अमेरिकेंत १९६८ सालीं बंद पडली, तरी आपल्याकडे तिचा वंश नांवें व इंजिनें बदलीत बरींच वर्षें चालू राहिला. या गाड्या आतां जुन्या झाल्या आहेत, आणि जुन्या गाडीच्या मालकाची पहिली तक्रार ठरलेली असते, ती म्हणजे "गाडी आवाज करते."

कोणता आवाज, केव्हां, कोठून, असें विचारलें म्हणजे मात्र बहुतेक मालक गप्प बसतात. आणि मग मिस्त्री जें उघडील तें उघडूं देण्यावांचून गति राहत नाही. आमच्या परिचयाच्या एका द्राक्षबागाईतदारांनीं मागच्या बाजूची घूंघूं ऐकून ॲक्सलमधील क्राउन-पिनियनची जोडी बदलविली. हंगामाच्या तोंडावर चांगली रक्कम खर्च झाली, गाडी पंधरा दिवस अडकून पडली, आणि परत आली तीं तीच घूंघूं घेऊन. पुढें टायर बदलण्याची वेळ आली तेव्हां जुन्या टायरांबरोबर आवाजहि गेला. याच्या उलट, वेळीं ओळखलेला एक लहानसा ठोका घाटांतील मोठा अपघात टाळतो. म्हणून ज्यास स्वतः पाना हातीं घ्यावयाचा नाही त्यानेंहि निदान स्वतःच्या गाडीचा आवाज ओळखावयास शिकलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें. बैलगाडीच्या तुंब्याची कुरकुर ऐकून वंगण संपलें कीं आंस झिजला हें जो सांगूं शकतो, त्यास हें मुळींच अवघड नाही.

प्रथम जोर कोणत्या वाटेनें जातो तें ध्यानांत घ्यावें. इंजिनापासून क्लच, क्लचपासून गिअरबॉक्स, आणि गिअरबॉक्सच्या पाठीस चिकटलेली ट्रान्स्फर केस. येथें वाट फुटते. एक प्रॉपेलर शाफ्ट मागच्या ॲक्सलकडे नेहमींच फिरतो. दुसरा पुढच्या ॲक्सलकडे, पण लहान दांडा ओढून पुढचीं चाकें जोडलीं तरच त्यांतून जोर जातो. प्रत्येक ॲक्सलच्या पोटांत क्राउन, पिनियन आणि डिफरन्शिअल असून तेथून जोर दोन्ही बाजूंच्या चाकांस मिळतो. या जुन्या जीपची एक खोड येथेंच सांगून ठेवूं. तिचा मागचा शाफ्ट गाडीच्या मध्यावरून निघत नाही, उजव्या अंगास निघतो. त्यामुळें दांडा 'हाय'मध्यें असला तरीहि जोर सरळ न जातां ट्रान्स्फर केसमधील मधल्या दंतचक्रावरून खालीं उतरतो; म्हणजे टॉप गिअरांतसुद्धां तेथील दंतचक्रें भाराखालीं एकमेकांवर घासत असतात. म्हणून या गाडीचें थोडेंसें कण्हणें हा तिचा जन्मस्वभाव आहे. नव्या गाडीची शांतता तिच्याकडून अपेक्षूं नये. जो आवाज पूर्वीं नव्हता आणि आतां आहे, किंवा महिन्या-दोन महिन्यांत वाढला आहे, तोच रोग समजावा.

परीक्षेपूर्वीं गाडी खालून स्वच्छ धुवावी. हें सांगणें कोणास पोरकट वाटेल. परंतु काळ्या रानांतून आलेल्या गाडीच्या शाफ्टवर एका बाजूस चिखलाचा थर वाळून बसला, किंवा चाकाच्या आंतल्या कांठांत ढेंकूळ अडकलें, कीं वेगांत गाडी अशी थरथरते कीं अनुभवी माणूसहि शाफ्ट वांकला म्हणून शपथ घेईल. मागील बाजूचीं अवजारें, जॅक, पाने, सांखळी काढून टाकावीं. टायरांत हवा सारखी भरावी. ट्रान्स्फर केसचे दांडे हातानें धरून पाहावे. पुष्कळ वेळां खडखड त्यांच्याच सैल पिनांची असते व हातानें धरतांच थांबते. आणि तेलाची पातळी तर आधीं पाहावीच, तिच्याविषयीं पुढें लिहिलें आहे.

मग गाडी उभी ठेवून, गिअर न टाकतां, इंजिन हळू चालूं द्यावें. या स्थितींत क्लचचें पायडल वर असतां गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट व खालचा काउंटर शाफ्ट फिरत असतात. पायडल दाबतांच ते थांबतात. तेव्हां दाबल्यावर घरघर बंद झाली तर दोष गिअरबॉक्सच्या त्या भागांत, बहुधा पुढच्या बेअरिंगांत. आणि दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर तो क्लचच्या रिलीज बेअरिंगचा. इतक्या साध्या परीक्षेनें अर्धें अनुमान निघतें.

खरी परीक्षा रस्त्यावर. सपाट, डांबरी, मोकळा रस्ता पाहावा. गाडी अर्धा तास चालवून तेल ऊन होऊं द्यावें, कारण थंड तेलांत आवाज झांकले जातात. सोबत एक माणूस घ्यावा, एकानें चालवावें व दुसऱ्यानें ऐकावें. ताशीं चाळीस किलोमीटरच्या वेगानें तीन प्रकारांनीं ऐकावयाचें असतें. पहिला प्रकार, ॲक्सिलरेटर दाबून गाडीस ओढ द्यावी. दुसरा, पाय अजिबात काढून गाडी गिअरमध्येंच सोडावी, म्हणजे आतां चाकें इंजिनास फिरवितात व दांत्यांची दुसरी बाजू भार घेते. तिसरा, वेग ना वाढेल ना कमी होईल इतकाच पाय ठेवावा, म्हणजे दांत कोणत्याच बाजूस भाराखालीं राहत नाहीत. एकाच सुरांतला तीव्र सूं आवाज ओढींत येतो आणि सोडतांच जातो, तर क्राउन-पिनियनच्या ओढीच्या बाजूचे दांत झिजले किंवा त्यांची बैठक चुकली असें समजावें. सोडल्यावर वाढतो तर दुसरी बाजू, अथवा पिनियनचें बेअरिंग सैल झालें. तिसऱ्या प्रकारांत, म्हणजे भार नसतां, खळखळ ऐकूं येते तर दांत्यांत मोकळीक फार झाली आहे. तिन्ही प्रकारांत आवाज तिळभरहि बदलत नाही, तर तो दांत्यांचा नव्हेच. मग टायर व चाकाच्या बेअरिंगांकडे वळावें.

तरीहि गिअरबॉक्स कीं त्याच्या मागचा भाग हा संशय राहिलाच, तर प्रत्येक गिअर टाकून पाहावा. टॉप गिअरांत गिअरबॉक्समधून जोर सरळ जातो, काउंटर शाफ्टवर भार नसतो; तेव्हां खालच्या गिअरांत गुरगुरणारी व टॉपमध्यें शांत होणारी गाडी गिअरबॉक्सकडेच बोट दाखविते. जो आवाज गिअर कोणताहि असला तरी केवळ गाडीच्या वेगाबरोबर चढतो-उतरतो, तो गिअरबॉक्सच्या मागें आहे.

टायरचा आवाज ओळखण्याची रीत याहून सोपी. रस्त्याची जात बदलली कीं तो बदलतो. डांबरावरून मुरमाच्या वाटेवर आलें कीं नाहींसा होतो. ॲक्सल मुरूम आहे कीं डांबर हें पाहत नाही. चिखलासाठीं घेतलेले मोठ्या खांचांचे टायर डांबरावर नेहमींच गर्जतात, तेथें उपाय नाही आणि चिंताहि नाही. चाकाचें बेअरिंग मात्र वळणावर आपली जागा सांगतें: गाडी उजवीकडे वळतांना भार डाव्या चाकांवर पडतो, तेव्हां घरघर वाढली तर डावीकडचें बेअरिंग पाहावें, आणि याच न्यायानें दुसरी बाजू. पुढचें चाक जॅकवर उचलून वरखालीं धरून हलवावें. हललें तर सोबत्यास ब्रेक दाबावयास सांगावें. हालचाल थांबली तर ती बेअरिंगची, तशीच राहिली तर स्टिअरिंगच्या किंगपिनची. ही युक्ति बऱ्याच गॅरेजांत माहीत असूनहि करीत नाहीत, असें आमच्या पाहण्यांत आहे.

आतां ठोक्यांकडे येऊं. कारण घरघर बहुधा महिनोनमहिने वाट पाहते, ठोका पाहत नाही. ठोका ऐकला म्हणजे तो कशाच्या फेऱ्याशीं जुळतो हें मोजावें. सी. जे. ३ बी च्या क्राउनला ४३ दांत व पिनियनला ८, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यांत प्रॉपेलर शाफ्टचे सुमारें साडेपांच फेरे होतात. सहा इंची सोळाच्या टायरचा घेर अंदाजें सव्वादोन मीटर धरला तर चालत्या माणसाच्या वेगानें, म्हणजे ताशीं पांच किलोमीटरनें, चाक दीड-दोन सेकंदांस एकदां फिरतें आणि शाफ्ट एका सेकंदांत तीन वेळां. टायरवर खडूनें ठळक खूण करावी, गाडी अगदीं सावकाश चालवावी, आणि सोबत्यानें बाजूनें चालत ऐकावें. खुणेच्या एका फेऱ्यास एक टक् ऐकूं आला तर दोष चाकाकडे, म्हणजे हब, ड्रम, ॲक्सल किंवा क्राउनचा मोडका दांत. खूण एकदां वर येईपर्यंत पांच-सहा टकटक झाल्या तर शाफ्ट, त्याचा क्रॉस किंवा पिनियन. दुसऱ्या ॲक्सल-प्रमाणाची गाडी असेल तर आंकडा बदलेल, रीत तीच.

शाफ्टचा क्रॉस सुकला कीं गाडी निघतांना आणि पुढून मागें गिअर बदलतांना एकच कट् असा आवाज येतो. क्रॉसच्या टोपीभोंवतीं तांबडी भुकटी दिसली तर आंतल्या सुया गंजल्या. मग ग्रीस भरून उपयोग नाही, क्रॉस बदलावा. क्रॉस स्वस्त असतो, पण तो तुटला म्हणजे लोंबतें टोंक जमिनींत रुततें आणि खालचीं सर्व यंत्रें फोडतें. शाफ्ट काढून परत बसवितांना मधल्या सरकत्या सांध्याच्या दोन्ही टोकांचे जू एका रेषेंत आले पाहिजेत, त्यांवर बाणाच्या खुणा असतात. एक दांता इकडे-तिकडे झाला तर नवा क्रॉस घालूनहि गाडी थरथरते, आणि दोष बिचाऱ्या नव्या क्रॉसला दिला जातो.

पुढचीं चाकें जोडल्यावरच येणाऱ्या आवाजांविषयीं मालकांत गैरसमज फार आहे. या जीपमध्यें पुढच्या व मागच्या ॲक्सलांमध्यें डिफरन्शिअल नाही. दांडा ओढला म्हणजे दोन्ही शाफ्ट एकास एक बांधले जातात. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां अधिक अंतर कापतात. चिखलांत तीं घसरून हिशेब फेडतात. डांबरावर फेडतां येत नाही, तो पीळ शाफ्टांत सांठत जातो, स्टिअरिंग जड होतें, आणि शेवटीं एखादें चाक उडी मारून धाडकन् आवाज करितें. कोणी म्हणतो ट्रान्स्फर केस फुटली. ती फुटली नाही, पण असेंच चालविलें तर फुटेल. दांडा जोर लावूनहि परत ढकलला जात नसेल तर हातोडीनें ठोकूं नये. गाडी सरळ रेषेंत दोन-चार हात मागें घ्यावी, पीळ सुटतो व दांडा बोटानें जातो. पुढें नवे व मागें झिजके टायर घातले असतां तर सरळ रस्त्यावरहि पीळ सांठतो. म्हणून चारहि टायर एका मापाचे व सारखे झिजलेले असावे. दांडा डांबरावर ओढूंच नये, हा नियम गाडी चालविणाऱ्या गड्यास पहिल्या दिवशींच सांगावा.

चिखलांत पुढचीं चाकें जोडलेलीं असतां व स्टिअरिंग पूर्ण वळविलें असतां पुढून कटकट आली, आणि सरळ करतांच थांबली, तर पुढच्या ॲक्सलच्या टोंकाचे, चाकामागच्या गोळ्यांतले सांधे झिजले आहेत. दुसरी एक फसगत अशी कीं पुढच्या हबला मोकळें करण्याची सोय नसेल तर दांडा ओढलेला नसतांहि पुढचीं चाकें आपला ॲक्सल, क्राउन व पुढचा शाफ्ट हे सर्व रिकामेंच फिरवीत असतात. म्हणून "दोन चाकांवर असतां आवाज येतो, अर्थात् मागचाच" हें अनुमान चुकीचें आहे. संशय आल्यास पुढचा शाफ्ट सोडवून ठेवावा व गाडी दोन चाकांवर चालवून पाहावी. पुढच्या शाफ्टच्या क्रॉसचा किंवा थरथरीचा आवाज असल्यास तो जाईल.

शाफ्ट सोडविण्यापूर्वीं एक सूचना कळकळीनें देतों. यांतील पुष्कळ गाड्यांचा हातब्रेक चाकांस नसून ट्रान्स्फर केसच्या पाठीस, मागच्या शाफ्टवर असतो. मागचा शाफ्ट काढला कीं हातब्रेक ओढूनहि कांहींच धरीत नाही. इतकेंच नव्हे, तर शाफ्ट जागेवर असतां मागचें एकच चाक जॅकनें उचललें तरीहि डिफरन्शिअलमुळें उचललेलें चाक उलट फिरून गाडी जॅकवरून निघून जाऊं शकते. म्हणून सपाट जागा, चाकांस पुढून-मागून लांकडी ठोकळे, आणि गाडीखालीं शिरावयाचें तर जॅकवर न विसंबतां भक्कम घोडे, यांवांचून हात घालूं नये. पुढचीं चाकें जोडलेलीं असतां एक चाक अधांतरीं ठेवून इंजिनानें फिरविण्याचा प्रयोग तर कोणींहि करूं नये. जमिनीवरचीं चाकें गाडी पुढें फेकतील.

मागच्या ॲक्सलच्या एका ठोक्याविषयीं स्वतंत्र लिहावयाचें आम्हीं राखून ठेवलें आहे, कारण त्यांत जिवाचा प्रश्न आहे. सी. जे. ३ बी व तिच्या पुष्कळ वंशजांत मागच्या ॲक्सलचें टोंक निमुळतें असून त्यावर हब चावीनें व एका मोठ्या नटानें आवळून बसविलेला असतो. निमुळत्या भागाची पकड हीच खरी. चावी केवळ साक्षीदार. नट सैल पडला कीं हब त्या निमुळत्या टोंकावर किंचित् सरकूं लागतो, चावीची खांच झिजते, आणि गाडी निघतांना व ब्रेक लावतांना चाकाकडून एक बोथट ठोका येतो. तो क्रॉसच्या ठोक्यासारखाच वाटतो, म्हणून क्रॉस बदलले जातात आणि ठोका राहतो. अशा स्थितींत गाडी चालवीत राहिलें तर चावीच्या खांचेपासून ॲक्सलला चीर पडते. तेथें ॲक्सल तुटला तर चाकास दुसरा आधार नाही. हब, ड्रम व चाक हे तिन्ही एकदमच गाडी सोडून जातात, आणि त्या चाकाचा ब्रेकहि त्यांच्याबरोबर जातो. भाजीचे क्रेट भरून घाट उतरतांना याचा अर्थ काय, तें सांगावयास नको. परीक्षा पांच मिनिटांची आहे. हबवरची टोपी काढावी, कॉटर पिन जागेवर आहे का पाहावें, नट व ॲक्सलच्या टोंकावर खडूची एक सरळ रेघ ओढावी, आणि गाडी कांहीं वेळ पुढें-मागें, ब्रेक लावीत चालवावी. रेघ तुटली, किंवा नटाभोंवतीं तांबडी भुकटी दिसली, तर गाडी तेथेंच उभी करावी. केवळ नट आवळून काम भागवूं नये. हब उतरवून निमुळता भाग, चावी व खांच हीं तिन्ही डोळ्यांनीं पाहावीं, आणि खांच रुंदावलेली असल्यास ॲक्सल बदलावा. नट बसवितांना हातभर नळी लावून ताकदीनें आवळावा आणि कॉटर पिनसाठीं भोंक जुळविण्यास तो कधींहि उलट सैल करूं नये, पुढेंच फिरवावा.

राहिला तेलाचा विचार. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस व दोन्ही ॲक्सल यांचीं भरण्याचीं भोकें निराळीं आहेत. गाडी सपाट उभी असतां भोकांत बोट घातल्यास कडेच्या बरोबरीला तेल लागलें पाहिजे. गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस यांच्यामध्यें तेल एकीकडून दुसरीकडे झिरपण्याची संवय या गाडीस आहे, म्हणून एकांत भरपूर दिसलें तरी दुसऱ्यांत पाहावेंच. गिअरबॉक्समध्यें पितळी कड्या असतात, त्यास ९० नंबरचें जी. एल. ४ प्रतीचें तेल घालावें, जी. एल. ५ तेलांतील कांहीं द्रव्यें पितळ खातात. तें तेल मागच्या ॲक्सलसाठीं योग्य होय. जुनें तेल ऊन असतांच काढून पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर पसरावें. करडी, मेणासारखी बुकणी दिसली तर ती वयाची निशाणी. पोलादाच्या कपच्या, सुईचे तुकडे किंवा दांत्याचें टोंक सांपडलें तर गाडी उघडल्याशिवाय रस्त्यावर काढूं नये. आणि तेल दुधाळ दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे: तापलेला ॲक्सल एकदम नाल्याच्या थंड पाण्यांत गेला कीं आंतली हवा आकसते, आणि ॲक्सलवरील हवेचें बारीक छिद्र चिखलानें बुजलेलें असल्यास तेलाच्या सीलमधूनच पाणी ओढलें जातें. तें छिद्र मिरगापूर्वीं तारेनें मोकळें करावें. पावसाळ्यांत कंबरभर पाण्यांतून गाडी गेली असेल तर त्याच आठवड्यांत चारहि ठिकाणचें तेल उघडून पाहावें, दिवाळीपर्यंत थांबूं नये.